शिक्रा म्हणण्याआधी चोच बघा: पक्षी ओळखताना या चुका टाळा

दर पावसाळ्याच्या तोंडावर कोणी ना कोणी पावशाला, म्हणजे कोकिळेच्या कुळातल्या पक्ष्याला, शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी समजतंच. साम्य आहेच तसं. दोघंही साधारण कबुतराएवढे, पाठ राखाडी, शेपटीवर आडवे पट्टे. उडण्याची तऱ्हाही तीच, चार-पाचदा पंख मारायचे आणि तरंगत जायचं. पावशा झाडात शिरला की लहान पक्षीसुद्धा शिकारी आला समजून कलकलाट करतात.

मे अखेरची गोष्ट. पुण्यात वेताळ टेकडीवर एका मुलाने पाठमोऱ्या पक्ष्याचा फोटो काढला, अ‍ॅपने शिक्रा सांगितलं, त्याने यादीत लिहिलं आणि निघालासुद्धा. मी त्याला थांबवलं. दहा मिनिटं आम्ही काही न बोलता उभे होतो. मग पक्षी वळला. डोळ्याभोवती ठळक पिवळं कडं, चोच निमुळती. त्याने पानावरचा केसाळ सुरवंट उचलला, फांदीवर आपटला, चोचीत दाबत दाबत गिळला. मुलाने काही न बोलता यादीतलं नाव खोडलं.

शिक्राची चोच आखूड, आकड्यासारखी वाकलेली, मांस फाडायला केलेली असते. पावशाची तशी नसते. पाय दिसले तर आणखी उत्तम: पावशाची दोन बोटं पुढे, दोन मागे, शिक्राची तीन पुढे आणि नख्या अणकुचीदार. यातलं पाठमोऱ्या फोटोत काय दिसणार? अ‍ॅप वापरा, पण आधी स्वतः बघा. मी आजही खिशात छोटी वही ठेवते आणि नाव सुचायच्या आधी चोच, डोळा, पाय, शेपूट याच क्रमाने लिहिते. नाव एकदा डोक्यात बसलं की डोळे तेच बघायला लागतात. पावशाने ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ सुरू केलं तर प्रश्नच मिटला, पण तो हाक देईपर्यंत थांबायची तयारी हवी आणि नव्या लोकांत तीच कमी दिसते.

म्हणून काही जण मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावतात. हे मला अजिबात मान्य नाही. विणीच्या दिवसांत तो बिचारा आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला समजून खाणं सोडून धावतो. आपल्याला एक फोटो मिळतो, त्याची सकाळ वाया जाते.

ठिपक्यांची तपकिरी कोकिळा हा वेगळा पक्षी नव्हे, ती कोकीळची मादी.

प्रत्येक पांढरा बगळा गायबगळा नसतो. चोच काळी, पाय काळे आणि बोटं पिवळी असतील तर तो लहान बगळा.

ढोकरी (हाही बगळ्याचाच प्रकार) काठावर बसलेली असताना मातकट दिसते आणि उडाली की पंख पांढरेशुभ्र. तिला दोनदा मोजू नका.