कोअर डंपची फाइल एकच उरायची: माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगचा वजनकाटा लिनक्सवर चालतो, तो मी सांभाळतो. काट्याचा प्रोग्राम दिवसातून चारदा कोसळे, पण कोअर डंपची, म्हणजे कोसळतानाच्या मेमरीची नक्कल ठेवणारी, ‘कोअर’ नावाची फाइल एकच. नवी आली की जुनी गेली. बाहेर कापसाच्या गाड्या, अन् “भाऊ, काटा सुरू व्हते का नाई?” डोकं उठलं होतं.

आधी कर्नेलची (लिनक्सच्या गाभ्याची) ‘कोअर_यूजेस_पिड’ ही सेटिंग १ केली. नावापुढे प्रोसेस क्रमांक लागला. पण इकडे लाइन जाते. मशीन पुन्हा सुरू झालं की तोच क्रमांक परत येऊ शकतो. आला.

मग आधी ‘/वार/कोअर’ फोल्डर बनवून लिहायची परवानगी दिली. कर्नेल फोल्डर बनवत नाही. ‘/ईटीसी/सिसकटीएल.डी’मधल्या फाइलीत लिहिलं: ‘कर्नेल.कोअर_पॅटर्न=/वार/कोअर/%ई-%पी-%टी’. म्हणजे प्रोग्रामचं नाव, क्रमांक, १९७० पासूनचे सेकंद. अक्षरं इंग्रजी छोटीच. मोठ्या ई-चा अर्थ वेगळा. नंतर ही सेटिंग लागू करायला ‘सिसकटीएल --सिस्टम’. शेवटी डंपच्या आकारावरची मर्यादा काढायला, प्रोग्राम सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्येच ‘यूलिमिट -सी अनलिमिटेड’. दुसऱ्या टर्मिनलात देऊन उपयोग नाही.

‘कोअर_पॅटर्न’च्या जुन्या किमतीच्या सुरुवातीला उभी रेघ (|) दिसली, तर डंप फाइलीत न पडता थेट दुसऱ्या प्रोग्रामकडे जातोय.