रेट पाडणं थांबवलं, तेव्हा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं छोटं सीएनसी जॉबवर्कचं शॉप आहे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्यांच्या ऑर्डरचे सुटे भाग बनवून द्यायचे. शेजाऱ्याने रेट पाडला की मीही पाडायचो. महिनाअखेर हाती काही उरत नसे. मोठे शॉपवाले 50 नगांची तातडीची ऑर्डर टाळतात, कारण सेटिंगमध्येच, म्हणजे मशीन नव्या कामासाठी जुळवण्यातच, वेळ जातो. मी तेच काम धरलं. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी टोयोटात सेटिंग 10 मिनिटांच्या आत आणायची पद्धत घडवली होती: पुढच्या जॉबचे जॉ (नग पकडणारे जबडे), टूल्स, प्रोग्राम मशीन चालू असतानाच तयार ठेवायचे. आमचं सेटिंग दीड तासावरून 25 मिनिटांवर आलं.

पण खरं अडलं होतं रिजेक्शनपाशी, म्हणजे नापास होणाऱ्या नगांपाशी. नग खराब झाला की मी पगार कापायचो, म्हणून मशीनवरची पोरं खराब नग लपवायची. ती कपात बंद केली. इतकी वर्षं केली याची खंत आहेच. आता नग बिघडला की ऑपरेटरच हाक मारतो, "दादा, बघा जरा."