अण्णांसाठी फ्लिप फोन: आधी रेंज, मग बिजागरी

माझे वडील, अण्णा, ८१ वर्षांचे आहेत. ते नारायण पेठेत जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर राहतात आणि मी कोथरूडला. ३४ वर्षं त्यांनी छापखान्यात कंपोझिटर म्हणून खिळे जुळवले. कोणतं अक्षर केसच्या कोणत्या खणात आहे हे त्यांच्या बोटांना न बघता कळायचं. टचस्क्रीनपुढे मात्र त्याच बोटांचं काही चालेना. कोरड्या बोटांना काच दाद देत नाही. फोन वाजायचा, ते बोट घासत बसायचे, वाजणं थांबायचं, आणि इकडे माझा जीव टांगणीला. त्यात जुन्या कंपनीची रेंज गेल्या दिवाळीपासून माजघरात येईनाशी झाली. म्हणून कंपनीही बदलायची आणि फोनही बदलायचा असं ठरवलं. हे दोन बदल एकमेकांत किती अडकलेले असतात ते त्या महिनाभरात कळलं. तुमच्या घरीही असं कुणी असेल तर माझा क्रम उपयोगी पडावा.

बटणांचा साधा फोन न घेता फ्लिपच, म्हणजे मधोमध दुमडणाराच का, तर फोन उघडला की उचलला आणि मिटला की ठेवला. जुन्या रिसीव्हरसारखंच. फोन नीट बंद झाला की नाही, ही शंका राहत नाही. सदऱ्याच्या खिशात बटणं दाबली जाऊन भलत्यालाच फोन लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोन बघायला आधी जाऊ नका, आधी रेंज बघा. मी उलटं करणार होते. तपकीर गल्लीत जाऊन फोन पसंत करून, मग त्यात कोणतंही सिम घालू असा विचार होता. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी वेळेवर सांगितलं, "अगं, आमच्या सुनेचा फोन इथे लागतो, माझा नाही. आधी ते बघ." मग एका रविवारी मी वेगवेगळ्या कंपन्यांचे तीन फोन गोळा केले. एक माझा, एक भावाचा, एक काकूंच्या सुनेचा. अण्णा दिवसभरात जिथे जिथे असतात तिथे प्रत्येक फोनवरून दोन-दोन मिनिटं बोलून बघितलं. पलंगापाशी, मोरीत, जिन्याखालच्या खुर्चीत, आणि सकाळी ते ओंकारेश्वराला चालत जातात त्या रस्त्यावर. पेठेतल्या विटा-मातीच्या जाड भिंती काय करतात ते तेव्हा समजलं. चौकात रेंज पूर्ण दिसायची आणि तेच फोन पलंगापाशी नेले की त्यातल्या दोन फोनांवर आवाज तुटायचा. पडद्यावरच्या रेघांवर जाऊ नका, बोलून बघा. आणि फोन नेहमी धरतो तसा कानाला धरून बघा, हातात उंच धरून नव्हे.

फ्लिप फोनसाठी ही चाचणी आणखी महत्त्वाची आहे. मोठ्या फोनवर रेंज कमी असली तरी घरच्या वायफायवरून कॉल करता येतो. मी बघत होते त्या नोकियाच्या फ्लिपमध्ये वायफायच नाही, आणि या किमतीच्या फोनमध्ये ती सोय धरून चालू नका. कंपनीची रेंज पलंगापर्यंत पोचत नसेल, तर दुसरा आधार नाही.

आमच्याकडे पलंगापाशी स्पष्ट आवाज आला तो जिओचा. आणि इथेच फोनची निवड अर्धी होऊन गेली. जिओची सेवा २०१६ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली तीच फोर-जीवर. त्यांचं टू-जी, थ्री-जी नाहीच. बोलणंसुद्धा फोर-जीवरून जातं, त्याला व्होल्टी म्हणतात. म्हणजे जिओचं सिम टू-जी फोनमध्ये घातलं तर कॉल लागणारच नाही, मग फोन कितीही चांगला असो. एअरटेल आणि व्ही-आयचं टू-जी अजून चालू आहे, त्यामुळे तिथे टू-जी फोनवर बोलता येतं. बीएसएनएल घेणार असाल तर घरापाशी त्यांचं काय चालतं हे बोलून बघितल्याशिवाय फोनच घेऊ नका.

माझ्यासमोर दोन फोन होते. एक नोकिया २६६० फ्लिप. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे आला तेव्हा किंमत ४,६९९ रुपये होती. फोर-जी आहे, आतला पडदा २.८ इंच, बाहेर १.७७ इंचांचा छोटा पडदा, म्हणजे न उघडताच कोणाचा फोन ते दिसतं. बाजूला संकटाच्या वेळचं बटण आहे, त्यात पाच जणांचे नंबर भरून ठेवता येतात. दुसरा आयटेलचा फ्लिप वन, २०२४ चा, तेव्हा २,४९९ रुपयांचा. त्याचा पडदा २.४ इंच, चार्जिंगला टाइप-सी, आणि तो टू-जी आहे.

दुकानात अण्णांना दुसराच आवडला. हातात हलका वाटला, आणि टाइप-सीची पिन कशीही घातली तरी बसते हे त्यांनी लगेच हेरलं. हा मुद्दा मी लहान समजत नाही. नोकियाला मायक्रो यूएसबी आहे, तिची पिन एकाच बाजूने जाते. हात थरथरणाऱ्या माणसाला रात्री नऊला मंद दिव्यात ती बसवणं हे रोजचं दुखणं आहे. पण जिओ ठरल्यावर टू-जी फोन बादच होता. तुमच्याकडे टू-जी देणाऱ्या कंपनीची रेंज चांगली असेल आणि फक्त बोलायचं असेल, तर अडीच हजारांच्या फोनने काम भागेल. तरीही माझं मत विचाराल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फोर-जीच द्या. त्यांना नवा फोन शिकायला महिने लागतात. उद्या पुन्हा कंपनी बदलायची वेळ आली, तर निदान फोन तरी तोच राहायला हवा.

नोकियासाठी चार्जिंगचा स्टँड वेगळा विकत मिळतो. फोन नुसता त्यात उभा ठेवायचा. पिनचा प्रश्न आम्ही तसा सोडवला.

दुकानात माणसाला बरोबर न्या. त्याच्यासाठी तुम्ही निवडू नका. अण्णांकडून मी फोन एका हाताने वीस वेळा उघड-मीट करून घेतला. पहिल्या पाच वेळा सगळ्यांनाच जमतं, बिजागरी जड आहे का ते अंगठा दमल्यावर कळतं. मग डोळे मिटून पाचाचं बटण शोधायला सांगितलं. पाचावर छोटा उंचवटा असतो, तिथून बाकीचे आकडे चाचपडत सापडतात. अण्णांनी अंगठा त्या उंचवट्यावर ठेवला आणि तिथून वर-खाली मोजत माझा दहा आकडी नंबर न बघता लावला. मोबाइलवर त्यांनी माझा नंबर स्वतः लावलेला मी वर्षभरात पहिल्यांदाच पाहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

कानाला मशीन असेल तर ते घालूनच फोन कानाला लावा. शिट्टी येते का, शब्द नीट कळतात का, हे खऱ्या कॉलवर तपासा. नोकियाचा हा फोन श्रवणयंत्राला चालणारा म्हणूनच विकला जातो, पण यंत्रं वेगवेगळी असतात, कानाने खात्री करा. मराठी हवं असेल तर नावांच्या यादीत 'ज्ञानेश्वर' आणि 'श्रीकृष्ण' अशी जोडाक्षरांची नावं घालून बघा आणि बाहेरच्या पडद्यावर ती कशी दिसतात तेही बघा. शेवटी, ज्या कंपनीत जायचं आहे तिचं चालू सिम बरोबर न्या आणि दुकानातच फोनमध्ये घालून कॉल लावा. खोक्यावर फोर-जी लिहिलंय एवढ्यावर थांबू नका. सीलबंद खोकं उघडायला दुकानदार तयार नसेल तर दाखवायचा नग मागा, तोही नसेल तर पुढच्या दुकानात जा.

फोन आणि कंपनी एकाच दिवशी बदलू नका. नवा फोन आधी आठवडाभर जुन्या सिमवर वापरू द्या. रेंज वाईट असली तरी हात बसतो, आणि पुढे काही बिघडलं तर चूक फोनची की सिमची हे लगेच कळतं.

नंबर आधी फोनच्या मेमरीत उतरवून घ्या आणि एका वहीतही लिहा. तीन वर्षांपूर्वी आईच्या वेळी मी हे केलं नव्हतं. सगळे नंबर सिमवरच होते. दुकानदाराने नवं सिम घातलं आणि मी बघत असताना जुनं कात्रीने कापून टाकलं. तिच्या माहेरचे, भिशीतल्या बायकांचे सगळे नंबर गेले. ते पुन्हा गोळा करायला तिला पावसाळा गेला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता पोर्टिंग, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं. सगळ्यात आधी सिम कोणाच्या नावावर आहे ते बघा. म्हाताऱ्यांचं सिम बऱ्याच घरांत मुलाच्या किंवा सुनेच्या नावावर असतं, आणि पोर्ट करताना कागदपत्रं आणि फोटो त्याच माणसाचा लागतो. आताच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले हवेत. सिम हरवून किंवा खराब होऊन नुकतंच बदललं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. पोस्टपेडचं बिल भरून टाका. प्रीपेडमध्ये उरलेली शिल्लक नव्या कंपनीत येत नाही, म्हणून मोठं रिचार्ज संपत आल्यावरच हे काम काढा.

मग त्याच नंबरवरून १९०० ला मेसेज करायचा. इंग्रजी अक्षरांत पोर्ट, एक जागा मोकळी, आणि पुढे आपला दहा आकडी नंबर. बटणांवर ते असं: सात एकदा, सहा तीनदा, सात तीनदा, आठ एकदा. अण्णांनी हा मेसेज स्वतः लिहिला, मी फक्त शेजारी बसले होते. उत्तरात आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. हा कोड नव्या कंपनीच्या काउंटरशिवाय कुणालाही सांगू नका, फोनवर विचारणाऱ्याला तर मुळीच नाही. त्याच्या आधारे तुमचा नंबर दुसरीकडे नेता येतो, आणि नंबरामागे बँक असते.

कोड घेऊन, आधार कार्डासह त्या माणसाला काउंटरवर न्या. नंबर महाराष्ट्र सर्कलचाच, म्हणजे मोबाइल सेवेच्या त्याच विभागातला असेल तर तीन कामाचे दिवस लागतात. बाहेरच्या सर्कलचा असेल तर पाच. मुंबई हे वेगळं सर्कल आहे, त्यामुळे मुंबईचा नंबर पुण्यात आणणाऱ्यांनी पाच दिवस धरा. मन बदललं तर अर्ज दिल्यापासून २४ तासांच्या आत इंग्रजीत कॅन्सल आणि नंबर असा मेसेज १९०० लाच करता येतो. रविवार आणि सुट्ट्या मोजल्या जात नाहीत, म्हणून गणपती-दिवाळीच्या तोंडावर सुरू करू नका. आणि नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीच्या दाखल्यासाठी ओटीपी लागतो, तो महिनाही टाळा.

एक युक्ती आमच्या फार कामी आली. या फोनमध्ये दोन सिम बसतात. जुनं सिम पहिल्या खाचेत तसंच ठेवलं आणि नवं दुसऱ्या खाचेत घालून ठेवलं. मग त्या दिवशी कोथरूडहून सिम बदलायला धावत यावं लागत नाही. जुनं बंद पडलं की नवं आपोआप जागं होतं. मध्ये काही तास, बहुधा रात्री, दोन्ही बंद असतात. त्या रात्री वरच्या काकूंना सांगून ठेवलं होतं. नवं सुरू झाल्यावर कॉलसाठी दुसरं सिम कायमचं ठरवून टाका, नाहीतर फोन दर वेळी 'कोणतं सिम?' विचारत राहतो आणि म्हातारी माणसं तिथेच अडतात. त्या एक-दोन दिवसांत बँकेचं कोणतंही काम काढू नका.

व्हॉट्सअॅप या फोनवर नाही, हे घरात आधीच सांगा. नातवंडांचे फोटो अण्णा आता माझ्या फोनवर रविवारी बघतात.

शेवटचं काम तासाभराचं आहे, पण नीट करा. एकच बटण दाबून धरलं की फोन लागावा म्हणून दोनवर माझा नंबर, तीनवर भावाचा, चारवर डॉक्टरांचा, पाचवर वरच्या काकूंचा. संकटाच्या बटणात भरलेले सगळे नंबर एकदा खरोखर बटण दाबून तपासा, ज्यांना फोन जाणार त्यांना आधी कल्पना देऊन. आमच्या पहिल्या चाचणीत भावाच्या नंबरातला एक आकडा चुकलेला निघाला. दुरुस्त करून पुन्हा दाबलं, तेव्हा तिकडे सांगलीत त्याचा फोन वाजला.