दोन देशांच्या सागवान व्यापाराची तुलना कशी करावी
नागपूरच्या लकडगंजात आलापल्लीच्या सागाशेजारीच म्यानमार आणि इक्वेडोर येथील सागाचे भाव सांगितले जातात, त्यामुळे या दोन देशांचा व्यापार ताडून पाहण्याचा मोह साहजिक आहे. त्यासाठी ओंडके (सीमाशुल्क वर्गीकरणातील शीर्ष, म्हणजे मालाचा संकेतांक, ४४०३) आणि चिराई केलेले लाकूड (४४०७) यांचे आकडे आधी वेगळे काढावेत. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. केवळ ४४०३ पाहणाऱ्याला तेथील व्यापारच संपला असे वाटेल, म्हणून चिराईमालाचा तक्ता शेजारी ठेवावा. सागाला स्वतंत्र सहा अंकी उपशीर्ष या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०२२ च्या सुधारणेत मिळाले, तेव्हा त्याआधीच्या सहा अंकी आकड्यांत इतर जातींची भेसळ आहे हे गृहीत धरावे.

खरी गफलत मापात होते. घेराच्या चौथाईचा वर्ग करून त्याला लांबीने गुणण्याची जी पद्धत वखारीत चालते, तीत गोल ओंडक्याचे प्रत्यक्ष घनफळाच्या सुमारे ७८.५ टक्केच माप येते. उदाहरणार्थ, ४ फूट घेर आणि १० फूट लांबीचा ओंडका या हिशेबाने १० घनफूट भरतो, प्रत्यक्षात मात्र तो सुमारे १२.७ घनफूट असतो. म्हणून सर्व आकडे आधी प्रत्यक्ष घनमीटरमध्ये आणावेत.

आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असल्याने कॅलेंडर वर्षाशी जुळवणी मासिक आकड्यांवरूनच करावी. केवळ रुपयांतील मूल्यावर माझा तरी भरवसा नाही. इक्वेडोरचा लागवडीचा, कमी घेराचा साग आणि म्यानमारचा नैसर्गिक जंगलातील साग यांचा प्रति घनमीटर दर स्वतंत्रपणेच मांडावा.