पडवीत वाय-फाय येत नाही?

लॅपटॉपवर नेट गेलं की आधी त्याच वाय-फायवर मोबाइल चालतो का बघा. तोही अडला आणि राउटरवर ‘लॉस’चा (LOS, म्हणजे बाहेरून सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा असेल, तर बहुधा पावसात फांदी पडून फायबर तुटलीय, केबलवाल्याला फोन करा, लॅपटॉपशी झटापट नको. मोबाइल चालतोय? मग लॅपटॉपवर ते नेटवर्क ‘फरगेट’ करून पासवर्ड पुन्हा टाका.

आणि जुन्या चिरेबंदी घरात माजघरातल्या राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं वेगवान नेटवर्क पडवीपर्यंत पोचेल ही आशा सोडाच. जांभ्याच्या जाड भिंती ते गिळतात, ओल्या असल्या तर जास्तच. तिथे २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडा. वेग कमी, पण भिंतीपार जातं. राउटर मात्र लोखंडी कपाटामागून काढून दाराच्या रेषेत, उंचावर ठेवा.