गोष्टीतली उत्कंठा मुलांना कशी शिकवावी

मुलांना गोष्ट लिहायला सांगा आणि वह्या उघडून पाहा. ‘मग ती उठली, मग ती बाहेर गेली, मग पाऊस आला.’ घटना भरपूर, पण नुसत्या एकामागून एक रांगेत उभ्या. उत्कंठा आणायची म्हटलं की बहुतेक मुलं एकच युक्ती करतात. सगळं लपवून ठेवायचं आणि शेवटी ‘अचानक’ म्हणून बाहेर काढायचं. शिकवताना मला सर्वांत जास्त झगडावं लागतं ते याच समजुतीशी. वाचकाचा जीव टांगणीला लागतो तो बहुतेक वेळा त्याला काहीतरी ठाऊक असतं म्हणून. हे व्याख्या सांगून पटत नाही. एक गोष्ट मुलांच्या हातात देऊन ती उलटसुलट करायला लावली की पटतं. दहा-अकरा वर्षांच्या पुढच्या कोणत्याही वर्गात हे जमतं, तीन-चार तासिका हाताशी ठेवा.

१. ‘मग’ खोडा

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिजमध्ये दिलेल्या व्याख्यानांत एक छोटं उदाहरण आहे. राजा मेला आणि नंतर राणी मेली, ही झाली गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे झालं कथानक. दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहा आणि दुसऱ्यात जास्तीचं काय आलं ते मुलांना शोधू द्या. ‘कारण’ हा शब्द त्यांच्याच तोंडून यायला हवा, थोडं थांबावं लागलं तरी चालेल.

मग प्रत्येकाने आपल्याच वहीतला एखादा जुना परिच्छेद घ्यावा, त्यातले सगळे ‘मग’ खोडावेत आणि त्या जागी ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसतो का ते पाहावं. जिथे दोन्ही बसत नाहीत, तिथली घटना कथानकाचा भाग नाही, ती नुसती शेजारी येऊन उभी आहे.

२. पात्राला काय हवंय ते एका वाक्यात लिहून घ्या

हे काम पाच मिनिटांचं आहे, पण टाळू नका. काय हवंय, आडवं काय येतंय आणि नाही मिळालं तर काय गमवावं लागेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर वाचकाला काळजी वाटायला कारणच उरत नाही.

३. सहा चिठ्ठ्या

सगळ्या धड्याचा जीव या पायरीत आहे, म्हणून इथे वेळ द्या. सहा चिठ्ठ्यांवर सहा घटना लिहा. दादाच्या लक्षात येतं की सायकलच्या ब्रेकची तार तुटायला आली आहे. नीलाला कळतं की तिची मैत्रीण गाव सोडून चालली आहे आणि गाडी सुटायला थोडाच वेळ आहे. नीला न विचारता दादाची सायकल काढते. ती उतारावर पोचते. ब्रेकची तार तुटते. नीला कडेच्या गवतात उडी टाकते आणि सायकल खाली जाऊन आदळते.

वर्गाचे तीन गट करा आणि तिघांनाही याच चिठ्ठ्या द्या. पहिल्या गटाने ब्रेकची चिठ्ठी सर्वांत आधी वाचायची. दुसऱ्याने ती तार तुटेपर्यंत लपवायची. तिसऱ्याने सुरुवातच शेवटापासून करायची: उताराच्या पायथ्याशी मोडकी सायकल पडली आहे, चाक अजून फिरतंय आणि नीला कुठेच दिसत नाही.

तिन्ही वाचून झाल्यावर एवढंच विचारा, ‘ऐकताना मनात काय चाललं होतं?’ पहिल्या मांडणीत मुलं म्हणतात, ‘तिला कोणीतरी सांगा!’ ती उत्कंठा. दुसरीत दचकायला होतं, तो धक्का. तिसरीत ‘झालं तरी काय?’ असं वाटतं, ते कुतूहल. घडलं तेच, फक्त सांगण्याचा क्रम बदलला. ही नावं फळ्यावर आधी लिहू नका. अनुभव येऊन गेल्यावर दिलेलं नाव मुलांच्या लक्षात राहतं.

४. कोणाला काय ठाऊक आहे?

फळ्यावर तीन रकाने आखा: वाचक, नीला, दादा. एकेका घटनेपाशी थांबून कोणाला काय ठाऊक आहे ते भरून घ्या. पहिल्या मांडणीत वाचकाचा रकाना नीलाच्या पुढे धावतो, तिसरीत मागे पडतो, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक हाच फरक टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणाने समजावत. प्रेक्षकाला बॉम्ब ठाऊक नसेल तर पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो, ठाऊक असेल तर पंधरा मिनिटांचा ताण.

५. महत्त्वाच्या जागी वेळ ताणा

मुलं सकाळी उठण्यापासूनचं सगळं रंगवून लिहितात आणि उतार एका ओळीत संपवतात. उलट करायला सांगा. घरापासून उतारापर्यंतचा रस्ता एका वाक्यात, उतारावरचे दहा सेकंद अर्ध्या पानात. त्या अर्ध्या पानात विशेषणं नकोत, हालचाली हव्यात: बोटं ब्रेकवर आवळली जातात, तार सैल लागते, समोरचं वळण जवळ येतं.

६. मागे जाऊन पेरा

नीला गवतात उडी टाकून वाचते. ते गवत वाचकाने आधी कधी पाहिलंय का? नसेल तर सुटका उपरी वाटते. मुलांना शेवट लिहून झाल्यावर मागे पाठवा आणि एक वाक्य पेरायला लावा, दुसऱ्याच कुठल्या कामाच्या वाक्यात मिसळून, वाचकाच्या चटकन लक्षात येणार नाही असं.

या टप्प्यावर काही शिक्षक कथानकाचा त्रिकोण काढतात: चढण, उत्कर्षबिंदू, उतरण. जर्मन लेखक गुस्टाव्ह फ्रायटाग यांनी १८६३ साली ही आकृती मांडली ती नाटकांच्या, मुख्यतः पाच अंकी शोकांतिकांच्या अभ्यासातून. दोन पानांची कथा तिच्यात कोंबायचा हट्ट मी तरी धरत नाही.

शेवटच्या तासाला मुलांनी आपापली गोष्ट मोठ्याने वाचावी आणि तुम्ही मध्येच, ऐन पेचाच्या क्षणी, त्यांना थांबवा. ऐकणाऱ्यांनी दोन ओळी लिहायच्या: पुढे काय होईल असं वाटतं, आणि कशावरून. अंदाज चुकला तर काहीच बिघडत नाही. पण ‘कशावरून’ची जागा कोरी राहिली, तर लिहिणाऱ्याला दुसऱ्या पायरीवर परत न्या.