कर्ण्याचं एकतारी फिडल घरी करताना

ऑगस्टस स्ट्रोह १८२८ साली फ्रँकफर्टला जन्मला, १८५१ मध्ये लंडनला आला आणि तिथलाच झाला. तारायंत्रांच्या बारीक कामात मुरलेला हात. १८९९ मध्ये त्यानं व्हायोलिनचं पोटच काढून टाकलं आणि तिथं अ‍ॅल्युमिनियमचा पडदा नि कर्णा बसवला. तेव्हा रेकॉर्डिंगला माइक नव्हता; साध्या व्हायोलिनचा आवाज यंत्रापर्यंत नीट पोचत नसे. याचा पोचायचा.

मी लेथवाला, संगीतातलं जेमतेम कळतं. पण याच धर्तीचं, एका तारेचं फिडल (म्हणजे व्हायोलिनच) जमलं.

सागवानाची दोन-अडीच फुटी पट्टी, एक खुंटी, गिटारची दुसऱ्या नंबरची पोलादी तार, व्हायोलिनचा जुना गज, राळ. हे सोपं.

पडद्यासाठी शू पॉलिशची डबी घ्या. झाकणाची मधली चकती कापा, कड तेवढी ठेवा. बुडाला भोक पाडून पत्र्याच्या नरसाळ्याचं तोंड डाग देऊन (सोल्डर करून) बसवा, तोच कर्णा. पडदा फॉइलच्या डब्याच्या बुडाचा कापा, घडी केलेल्या पेपरवर ठेवा आणि बोथट पेन्सिलीनं एकात एक गोल दाबा. त्याला ताठपणा येतो, वजन वाढत नाही. दोन्ही बाजूंना सायकलच्या ट्यूबची कडी घालून झाकण दाबा. हवा कुठूनही निसटता कामा नये. पहिल्यांदा मी जाड पत्रा लावला होता. बाटलीत माशी अडकल्यासारखा आवाज!

आता घोडी, म्हणजे तार जिच्यावर टेकते तो तुकडा. इथेच बहुतेकजण फसतात, ती सरळ पडद्यावर चिकटवतात. गज तारेला आडवा हलवतो, म्हणून घोडीही आडवी डुलली पाहिजे. दोन इंची लाकडी तुकडा उभा धरा, खालून एक तृतीयांश उंचीवर खिळा आरपार घाला. खिळा तारेला समांतर हवा आणि घोडी त्यावर अलगद फिरायला हवी. वरच्या खाचेत तार. खालच्या टोकापासून सायकलच्या स्पोकचा तुकडा पडद्याच्या मध्यापर्यंत. डबी पट्टीच्या कुशीला उभी बसवा, म्हणजे स्पोक आडवाच ढकलेल. तार घोडीवर फार कोनात चढवू नका, घोडी एका अंगाला कलंडते. माझी दोनदा कलंडली, पडदा फाटला.

गजाला राळ सढळ लावा. नवा गज राळेशिवाय मुकाच.

खरखर आली तर कर्ण्याला दोष देऊ नका. आधी स्पोकचं टोक बघा. पडद्यावरून सुटलेलं असतं. अ‍ॅरल्डाइटचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब टाका आणि रात्रभर हात लावू नका.